शुल्ट्झ, वोल्फ्राम
(१९४४– ). जर्मनीत जन्मलेले चेताशास्त्रज्ञ. त्यांच्या संशोधनाचा मोठा काळ स्वित्झर्लंडमधील फ्रीबूर विद्यापीठात गेला. पुढे ते केंब्रिज विद्यापीठात प्राध्यापक झाले. पीटर डायन व रे डोलन यांच्यासह त्यांना २०१७ चे ‘ब्रेन प्राइझ’ मिळाले. डोपामाइन म्हणजे आनंदाचे रसायन, ही वर्तमानपत्री समजूत त्यांच्या प्रयोगांपुढे टिकत नाही.

सुरुवात कंपवाताच्या अभ्यासाने झाली. या आजारात मध्यमेंदूतील डोपामाइन स्रवणाऱ्या चेतापेशी नष्ट होतात आणि हालचाली मंदावतात. म्हणून माकड हात हलवत असताना या पेशींचे स्पंद वाढावेत, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात हालचालीशी त्यांचा फारसा मेळ बसेना; खाऊ मिळाला की मात्र त्या जाग्या होत. पुढील प्रयोगांत फळांचा रस अवचित मिळाला की स्पंद वाढत. रसाआधी ठरावीक संकेत येतो हे माकडाला उमगल्यावर ते संकेतालाच वाढू लागले. रस तोच आणि तितकाच, पण त्याला प्रतिसाद जवळजवळ उरला नाही. संकेत देऊन रस रोखला, तर तो यायच्या नेमक्या क्षणी स्पंद नेहमीच्या पातळीखाली जात. सर्वांत बोलका पुरावा हाच. त्या क्षणी बाहेर काहीच घडलेले नसते. तरीही पेशी गप्प होतात, म्हणजे त्या मिळकत आणि अपेक्षा यांतला फरक मोजतात. १९९७ मध्ये शुल्ट्झ, डायन आणि रीड माँटेग्यू यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवले, की यंत्राला अनुभवातून शिकवण्यासाठी सटन व बार्टो यांनी मांडलेल्या गणितातील अंदाजाची चूक मोजणाऱ्या पदाशी पेशींचा हा संदेश जुळतो. माकडांच्या पेशींचा विचार न करता रचलेले गणित त्यांच्याशी जुळावे, हे नवलच.

यावर एक आक्षेप असा, की या पेशी कोणत्याही ठळक, अनपेक्षित गोष्टीने दचकतात. मोल त्यांना कळत नाही. शुल्ट्झ यांनी प्रतिसादाचे दोन टप्पे वेगळे केले : पहिला, क्षणभराचा, खरोखरच सरसकट असतो, पाठोपाठचा दुसरा मोलानुसार बदलतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : पेशींचा हा संदेश शिकण्यासोबत दिसतो, म्हणून तोच शिकवतो असे कसे म्हणावे? केवळ स्पंद नोंदून याचे उत्तर मिळणार नव्हते. ते २०१३ मध्ये दुसऱ्या गटाने उंदीरवर्गीय प्राण्यांवरील प्रयोगातून दिले. बक्षीस आधीच अपेक्षित असल्याने जिथे नवा संकेत शिकला जात नाही, तिथे प्रकाशाने डोपामाइन पेशी उद्दीपित करताच प्राणी तो शिकले. मात्र काही डोपामाइन पेशी त्रासदायक अनुभवालाही उत्तेजित होतात, हे २००९ मध्ये मात्सुमोतो व हिकोसाका यांनी दाखवले. त्यामुळे या साऱ्या पेशी एकच संदेश देतात, हे मूळ गृहीतक सोडावे लागते.