शब्द काढलेलं गाणं : सो तैजी अँड बॉईजचा चौथा अल्बम (१९९५)

मंडळी, आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, "अहो, शांकरभाष्य सोडून या वयात कोरियन पोरांच्या नाचगाण्यात कुठं शिरलात?" आता याला कारण आमची नात. तिच्या खोलीच्या भिंतीवर बीटीएसची सात मुलं आहेत. त्यांनी २०१७ साली 'कम बॅक होम' नावाचं एक जुनं गाणं नव्यानं केलं. मूळ गाणं कुणाचं, असं आम्ही विचारलं, तर तिला सांगता येईना. मग आम्हीच शोधत बसलो, आणि पोचलो थेट १९९५ च्या सेऊलमध्ये.

मूळ गाणं सो तैजी अँड बॉईज या तिघांचं. सो तैजी हा शाळा अर्धवट सोडलेला, 'सिनावी' नावाच्या हेवी मेटल बँडमध्ये बेस गिटार वाजवणारा पोरगा. बाकीचे दोघे, यांग ह्युन-सुक आणि ली जुनो, हे नाचणारे. एप्रिल १९९२ मध्ये दूरदर्शनवरच्या एका स्पर्धेत ते गायले आणि परीक्षकांनी त्यांना सगळ्यांत कमी गुण दिले. थोड्याच आठवड्यांत त्यांचंच गाणं देशभर वाजत होतं. परीक्षकांचं असं होतं कधी कधी, आम्हीही चाळीस वर्षं पेपर तपासले आहेत. १९९३ च्या दुसऱ्या अल्बममध्ये त्यांनी रॅप आणि रॉकच्या जोडीला थेप्योंगसो हे आपल्या सनईच्या जातीचं वाद्य आणून बसवलं. १९९४ च्या तिसऱ्या अल्बममध्ये शाळेवर आणि परीक्षांच्या चरकावर टीका करणारं गाणं आलं. लगेच आवई उठली की हे गाणं उलटं वाजवलं तर 'रक्त कमी पडतंय' असं ऐकू येतं. आईबाप घाबरले, वर्तमानपत्रांना खाद्य मिळालं, आणि शाळेबद्दल विचारलेला प्रश्न बाजूला राहिला.

आता चौथा अल्बम. तो आला ऑक्टोबर १९९५ मध्ये. त्या वेळी देश कुठल्या मनःस्थितीत होता ते बघा. आदल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये हान नदीवरचा सोंगसू पूल भर सकाळी कोसळून ३२ माणसं गेली. जून १९९५ मध्ये सांपुंग नावाचं डिपार्टमेंट स्टोअर दिवसाढवळ्या खाली बसलं, ५०२ माणसं मेली. भूकंप नाही, बाँब नाही. बांधकामातली लबाडी आणि पैसे घेऊन केलेला कानाडोळा. ज्या वेगवान प्रगतीची जगभर वाहवा चालली होती, तिचे खांब पोकळ निघाले. अल्बम आल्यावर काही आठवड्यांतच रो ते-वू आणि चुन दू-ह्वान हे दोन माजी राष्ट्राध्यक्ष तुरुंगात गेले.

अल्बममधलं 'कम बॅक होम' हे घर सोडून पळालेल्या मुलांना उद्देशून होतं. ते ऐकून काही मुलं घरी परतल्याच्या बातम्या छापून आल्या. हे गाणं अमेरिकेतल्या सायप्रेस हिल या गटाच्या वळणावर गेलंय, असा आक्षेपही घेतला गेला, आणि तो अगदीच बिनबुडाचा नव्हता. अल्बम वीस लाखांच्या पुढे खपला. पण आमचं लक्ष खिळलं ते दुसऱ्याच गाण्यावर, 'शिदे यूगाम'. म्हणजे 'या काळाची खंत'.

त्या काळी कोरियात कुठलंही गाणं बाजारात आणण्याआधी त्याचे शब्द एका नीती समितीपुढे ठेवावे लागत. ही रीत लष्करी राजवटीच्या काळापासूनची. १९७५ मध्ये तर एका झपाट्यात दोनशेहून जास्त गाण्यांवर बंदी आली. किम मिन-गीचं 'सकाळचं दव' हे साधं, शांत गाणंसुद्धा त्यात गेलं. (त्याच सुमारास आपल्याकडे आणीबाणीत किशोरकुमारची गाणी आकाशवाणीवरून गायब झाली होती, हे आमच्या पिढीला आठवत असेल.) १९८७ नंतर लोकशाही आली, निवडणुका आल्या, पण समिती तशीच राहिली. 'शिदे यूगाम'मधल्या काही ओळी बदला, असं तिनं सांगितलं. सो तैजीनं ओळी बदलल्या नाहीत. त्यानं गाण्याचे सगळे शब्दच काढून टाकले आणि नुसतं वाद्यसंगीत अल्बमवर ठेवलं.

इथं आमच्यातला तत्त्वज्ञानाचा मास्तर जागा होतो, त्याला इलाज नाही. वैशेषिकांनी अभाव हाही एक पदार्थ मानला. जमिनीवर घट नाही, हे 'नसणं' आपल्याला कळतं, पण कळतं केव्हा? घट म्हणजे काय हे ठाऊक असेल तेव्हा. अभाव नेहमी कशाचा तरी असतो. त्यातही भेद आहेत. वस्तू निर्माणच झालेली नाही, तो प्रागभाव. होती आणि नष्ट झाली, तो प्रध्वंसाभाव. पूर्वतपासणीची खरी ताकद अशी, की ती लिहून झालेली ओळ मारते आणि आपल्याला मात्र ती कधी लिहिलीच नव्हती असं वाटतं. ध्वंसाला प्रागभावाचा वेष चढवते! गायकानं दोन शब्द बदलले असते तर ऐकणाऱ्याला कळलंसुद्धा नसतं, की इथं काही होतं. सगळेच शब्द काढल्यामुळे ती जागा रिकामी दिसली. चाहत्यांनी सह्या गोळा केल्या, पत्रं लिहिली, वर्तमानपत्रांनी विषय उचलला.

आणि ७ जून १९९६ पासून पूर्वतपासणी बंद झाली. त्यामुळे 'सो तैजीनं सेन्सॉरशिप मोडली' असं सर्रास म्हटलं जातं. इथं मात्र आम्ही थोडे अडखळतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, इतकं हे सोपं नाही, पण कावळ्यानंच फांदी मोडली असंही नाही. ज्या कायद्यातल्या दुरुस्तीनं हे घडलं, ती १९९५ संपायच्या आतच मंजूर झाली होती. अल्बम आल्यापासून जेमतेम दोन-तीन महिने. एवढ्यात कायदे बदलत नाहीत. त्याआधी कितीतरी वर्षं जाँग ते-चुन नावाचा एक लोकगीत गायक हे लाकूड कापत बसला होता. १९९० मध्ये त्यानं समितीकडे न जाताच आपली गाणी लोकांत वाटली. १९९३ मध्ये पत्नीबरोबरचा अल्बम पुन्हा तसाच, उघडउघड काढला. त्याच्यावर खटला भरला गेला. त्या खटल्यातून प्रश्न घटनापीठापर्यंत गेला आणि ३१ ऑक्टोबर १९९६ ला न्यायालयानं गाण्यांची पूर्वतपासणी घटनाबाह्य ठरवली. हा माणूस कधी सो तैजीइतका खपला नाही. नातीला आम्ही त्याचं नाव विचारलं नाही. उत्तर माहीत होतं.

मग श्रेय कुणाचं? आमचं मत असं, की जाँगनं प्रश्न कायद्याच्या भाषेत मांडला, आणि सो तैजीमुळे तो पंधरा वर्षांच्या मुलीच्या वॉकमनमध्ये गेला. दुसऱ्याशिवाय पहिला कदाचित जिंकलाही असता, थोडा उशिरा. पहिल्याशिवाय दुसऱ्याचं ते बिनशब्दांचं गाणं एक किस्सा होऊन राहिलं असतं.

गंमत म्हणा की दैव म्हणा, शब्द मोकळे झाले तेव्हा गाणाराच उरला नव्हता. ३१ जानेवारी १९९६ ला तिघांनी निवृत्ती जाहीर केली आणि सो तैजी अमेरिकेला गेला. 'शिदे यूगाम' शब्दांसकट बाजारात आलं ते त्यानंतर, त्याच वर्षी. यांग ह्युन-सुकनं स्वतःची कंपनी काढली, ती पुढे केपॉपमधली बडी कंपनी झाली. २०२४ च्या जानेवारीत एस्पा या मुलींच्या गटानं हे गाणं पुन्हा गायलं. त्यासाठी कुणापुढे कागद ठेवावा लागला नाही.

चहा आलेला दिसतोय. प्रश्न असतील तर तो घेता घेता विचारा.