दुकानाची फळी आणि साथीचा कायदा

'हरताळ' हा शब्द आपण इतक्या सरावाने वापरतो की त्याच्या पोटात काय दडले आहे याचा विचार सहसा कोणी करीत नाही. 'हट्ट' म्हणजे बाजार आणि 'ताल' म्हणजे कुलूप, अशी त्याची व्युत्पत्ती जाणकार सांगतात. आणि पेठेला राज्यकर्त्यांविषयीची नाराजी व्यक्त करावयाची झाली म्हणजे ती दुकानाच्या फळ्या लावून व्यक्त करावी, ही रीत आपल्याकडे इतकी जुनी व इतकी सर्वमान्य आहे की, 1921 च्या नोव्हेंबरात इंग्लंडचे युवराज मुंबईस उतरले तेव्हा त्यांना बाजाराचे मनोगत कळविण्यास बंद दुकानांखेरीज दुसऱ्या मानपत्राची गरज पडली नाही. परंतु जवळजवळ शंभर वर्षांनी, 2021 च्या ऑगस्ट महिन्यात, पुण्याच्या लक्ष्मी रस्त्याने ही रीत उलटी झालेली पाहिली. तेथील व्यापाऱ्यांनी 3 तारखेस दुकानांसमोर उभे राहून घंटानाद केला, आणि दुसऱ्या दिवशी, सरकारने नेमून दिलेली दुपारी चारची वेळ उलटून गेल्यावरही, दुकाने उघडी ठेवली. दुकान उघडे ठेवणे हाच ज्या काळी निषेध ठरतो, तो काळ कसा आला आणि कोणत्या कायद्याच्या वाटेने आला, हे पाहावयाचे तर सव्वाशे वर्षे मागे, मुंबईच्या मांडवी भागातील धान्याच्या वखारींपाशी जावे लागते.

1896 च्या सप्टेंबर महिन्यात त्या वखारींच्या आसपास उंदीर मरून पडू लागले आणि पाठोपाठ माणसे तापाने फणफणून, जांघेत व काखेत गाठी येऊन दगावू लागली. डॉ. आकासियो व्हिएगस या गोव्याकडील वैद्याने हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग, असल्याचे निदान केले, तेव्हा ते मानण्यास पुष्कळ प्रतिष्ठित मंडळी तयार नव्हती. कारण बंदराच्या शहरात प्लेग आहे असे कबूल करणे म्हणजे परदेशी बंदरांची दारे आपल्या मालाला आपल्याच हाताने लावून घेणे होते. ऑक्टोबरात म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी रोग्यांना सक्तीने इस्पितळात हलविण्याचा जाहीरनामा काढला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस गिरणीकामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल केली. लोक शहर सोडून जाऊ लागले. 1891 च्या शिरगणतीत आठ लक्षांहून अधिक वस्ती असलेली मुंबई 1897 च्या फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मी रिकामी झाली. कच्छी व गुजराती व्यापारी आपापल्या मुलखास गेले, चाळींना कुलुपे लागली, आणि गिरण्यांचे मालक, जे एरवी महिन्याचा पगारही मागे ठेवून देत, ते हाताला माणूस मिळावा म्हणून रोजच्या रोज मजुरी मोजू लागले.

साथीचा कायदा जन्मला तो या भयात. 4 फेब्रुवारी 1897 रोजी कलकत्त्याच्या कायदे कौन्सिलात तो मंजूर झाला. त्याच महिन्यात व्हेनिस येथे युरोपीय राष्ट्रांची आरोग्य परिषद भरत होती आणि हिंदुस्थानचा माल व यात्रेकरू यांना मज्जाव होतो की काय, ही टांगती तलवार सरकारच्या डोक्यावर होती. हे ध्यानात ठेवले म्हणजे या कायद्याचा एक विशेष उमगतो: रयतेच्या प्राणांची काळजी त्याच्या मागे होती, तशीच सागरपार जाणाऱ्या व्यापाराचीही होती, मात्र त्या मोठ्या व्यापाराच्या रक्षणासाठी जी किंमत मोजावयाची, ती गल्लीतल्या लहान दुकानदाराने, विणकऱ्याने आणि हमालाने मोजावी, असा त्याचा प्रत्यक्ष परिणाम झाला.

कायदा मुळात अगदी आटोपशीर, अवघ्या चार कलमांचा. पहिले कलम नावाचे. दुसऱ्याने सरकारला साथ थोपविण्यासाठी जे नियम आवश्यक वाटतील ते करण्याचा अधिकार दिला. तिसऱ्याने तो नियम मोडणाऱ्यास दंडसंहितेच्या 188 व्या कलमाखाली शिक्षा सांगितली. आणि चौथ्याने सद्बुद्धीने काम करणाऱ्या अंमलदारावर फिर्याद चालणार नाही अशी हमी दिली. दुसऱ्या कलमात मात्र एक वाक्यांश आहे, ज्यावर माझी नजर प्रत्येक वेळी अडखळते. या उपायांचा खर्च कोणी व कसा सोसावा हेही सरकार ठरवू शकेल, असे सांगून कायदेकर्त्याने त्या खर्चात नुकसानभरपाईचा समावेश केला आहे, आणि लगेच तिच्यापुढे 'असल्यास' अशा अर्थाचा शब्द जोडला आहे. म्हणजे भरपाईची कल्पना कायदा लिहिणाऱ्यास सुचली नव्हती असे नव्हे. ती सुचली, कागदावर उतरली, आणि त्याच ओळीत ऐच्छिक ठरली. नियम मोडल्यास शिक्षा निश्चित, अंमलदाराचे संरक्षण निश्चित, आणि ज्याच्या घरावर वा दुकानावर नियम येऊन आदळणार त्याची भरपाई तेवढी 'असल्यास', ही या कायद्याची घडण आहे, आणि साथीच्या काळातील लोकक्षोभाचा पुष्कळसा इतिहास मला या एका शब्दात सामावलेला दिसतो.

पुण्यात रँडसाहेबांच्या प्लेग कमिटीने मार्च ते मे 1897 या अवधीत गोऱ्या सोल्जरांकडून घरोघर झडत्या घेतल्या, ती कथा सर्वांना ठाऊक आहे; 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी तिचा जो शेवट केला तोही ठाऊक आहे. त्या इतिहासात अब्रूचा, सोवळ्याओवळ्याचा आणि स्त्रियांच्या तपासणीचा प्रश्न इतका मोठा आहे की त्याच्या सावलीत दुसरा एक साधा, व्यवहाराचा प्रश्न झाकून गेला. झडतीत बिछाने, कपडे, लाकूडसामान रस्त्यावर आणून जाळले जाई, जमिनी उकरल्या जात, भिंतींना भोके पाडली जात. आणि ज्याचे घर तेच दुकान, माजघरात माल आणि ओटीवर विक्री, अशा पेठेतल्या वाड्यांमध्ये जळणाऱ्या वस्तूंतले बिऱ्हाड कोणते आणि भांडवल कोणते हे सोल्जराने पाहावे तरी कसे? रोग्याला इस्पितळात आणि त्याच्या घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत नेले म्हणजे दुकानास कुलूप आपोआपच लागे, आणि परत येईपर्यंत आत काय उरले याचा हिशेब कोणापाशीच नसे.

मुंबईत पुढच्या वर्षी, 9 मार्च 1898 रोजी, मदनपुऱ्यातील जुलाह्यांच्या वस्तीत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगा झाला, गोळीबार झाला, आणि त्यानंतर शहराने हरताळ पाळला. दुकाने बंद राहिली, गाडीवानांनी बैल सोडले, गोदीतले काम थांबले. सरकार दुकाने बंद करा असे म्हणत नव्हते. उलट व्यापार चालू राहावा हीच त्याची इच्छा होती, म्हणूनच तो बंद करण्यात धार होती. प्लेगच्या नियमांत पुढे जी नरमाई आली, सक्तीच्या झडत्या व छावण्या सैल होऊन लोकांच्या पुढाऱ्यांना विश्वासात घेण्याचे जे धोरण आले, त्यामागे रँडचा खून जितका होता तितकाच हा थांबलेला बाजारही होता, असे माझे मत आहे.

1918 च्या इन्फ्लुएंझाने प्लेगहून अधिक माणसे थोड्या महिन्यांत नेली, पण त्या वेळी सरकार महायुद्धात गुंतलेले होते आणि बाजारावर बंधने घालण्याचा प्रश्न फारसा उद्भवलाच नाही. कायदा मात्र राहिला. राज्य बदलले, राज्यघटना आली, महाराष्ट्र राज्य झाले, आणि 13 मार्च 2020 रोजी राज्य सरकारने करोनासाठी जो कायदा लागू केला तो हाच होता, 1897 चा.

त्या वर्षीचा गुढीपाडवा 25 मार्चला आला, आणि देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, ज्या दिवशी सोनार आणि कापडवाले पहाटेपासून दुकान धुऊन, तोरण बांधून बसावयाचे, तो दिवस शुकशुकाटात गेला, आणि तरीही पेठेने त्या वेळी तक्रार केली नाही. रोग नवा होता, भय खरे होते, आणि सगळेच थांबले होते. मुदतीमागून मुदती वाढल्या. जूनपासून रस्त्याच्या एका बाजूची दुकाने आज आणि दुसऱ्या बाजूची उद्या, अशी पाळी आली; उपाहारगृहांत बसून खाण्याची मुभा मिळण्यास 5 ऑक्टोबर उजाडला, आणि तीही निम्म्या आसनांची. दसरा-दिवाळीत थोडी उभारी आली. व्यापाऱ्यांनी माघ-फाल्गुनात सुरतेहून, इरोडहून, इचलकरंजीहून लगनसराईचा माल भरला, काहींनी रोखीने, बहुतेकांनी उधारीवर.

आणि तेव्हा दुसरी लाट आली. 5 एप्रिल 2021 च्या रात्री आठपासून जीवनावश्यक वस्तूंखेरीज सर्व दुकाने महिनाअखेरपर्यंत बंद, असा हुकूम निघाला. पुण्यात, मुंबईत, नागपुरात व्यापारी रस्त्यावर उभे राहिले, आणि या वेळच्या त्यांच्या संतापात मागील वर्षी नव्हते असे काहीतरी होते. त्या पहिल्या हुकुमात घरपोच माल पोचविणाऱ्या ऑनलाइन कंपन्यांना मुभा होती. म्हणजे जी साडी लक्ष्मी रस्त्यावरच्या गादीवर उलगडून दाखविण्यास मनाई, तीच साडी पुठ्ठ्याच्या खोक्यातून गिऱ्हाइकाच्या दारी जाण्यास मोकळी. थोड्याच दिवसांत सरकारने ती मुभा जीवनावश्यक वस्तूंपुरती आवळली, पण मन दुखावले गेले ते गेलेच. 13 एप्रिलला, पुन्हा गुढीपाडव्याच्याच दिवशी, मुख्यमंत्र्यांनी अधिक कडक निर्बंधांबरोबर 5,476 कोटी रुपयांची मदत जाहीर केली; रिक्षाचालक, नोंदणीकृत फेरीवाले, बांधकाम मजूर यांना प्रत्येकी 1,500 रुपये त्यातून मिळावयाचे होते. त्या यादीत भाड्याच्या गाळ्यात बसलेल्या लहान दुकानदाराचे नाव नव्हते, आणि त्याच्याकडे काम करणाऱ्या विक्रेत्याचेही नव्हते.

येथे न्यायाने बोलले पाहिजे. 18 एप्रिलच्या एका दिवशी राज्यात 68,000 हून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. प्राणवायूसाठी नातेवाईक एका रुग्णालयातून दुसऱ्यात धावत होते, स्मशानांत रांगा होत्या. ज्या सरकारने अशा वेळी गर्दी थांबविली त्याने अन्याय केला असे मी म्हणू शकत नाही, आणि ज्या व्यापाऱ्यांशी माझे बोलणे झाले त्यांतलाही कोणी तसे म्हणाला नाही, कारण त्यांच्याही घरांतून माणसे गेली होती. त्यांची फिर्याद बंद करण्याविरुद्ध नव्हती. बंद करणाऱ्याने बंदीची झळ वाटून घेतली नाही, आणि आपल्याला काही विचारलेही नाही, ही होती.

आमच्या ओळखीच्या एका कापड दुकानदाराने त्या दिवसांत मला त्यांचा रोजमेळ दाखविला. संगणक आला तरी त्यांनी लाल कापडाच्या बांधणीची वही सोडलेली नाही. एप्रिल-मेच्या प्रत्येक पानावर वर 'श्री', खाली तिथी व तारीख, जमेच्या बाजूस आरंभीची शिल्लक, आणि नावे बाजूस कधी विजेचे बिल, कधी तीन गड्यांचा अर्धा पगार, कधी गाळ्याचे भाडे; विक्रीची ओळ त्यांनी रोज लिहिली होती आणि तिच्यापुढे रोज शून्य मांडले होते. अक्षय्य तृतीयेच्या पानावरही शून्य. "दुकान बंद म्हणून वही कशी बंद ठेवायची, दादा? वडिलांनी पानशेतच्या पुराच्या आठवड्यातसुद्धा लिहिली होती," एवढेच ते म्हणाले.

जूनमध्ये पाच स्तरांची रचना आली, आणि महिनाअखेर नव्या उपप्रकाराच्या भीतीने कोणत्याही जिल्ह्यास तिसऱ्या स्तराहून अधिक मोकळीक नाही असे ठरले. दुकाने चारपर्यंत, शनिवार-रविवार बंद. बाहेरच्यास ही सवलत वाटावी. पण कापडाचा, चपलांचा, भांड्यांचा धंदा ज्यांनी केला आहे त्यांना विचारावे. सकाळी भवानी झाली तर झाली. दुपारी गिऱ्हाईक विरळ, गडी घड्या घालतात, मालक आडवा होतो. आणि कचेऱ्या सुटल्या, ऊन उतरले, म्हणजे सहानंतर बायका-मुलांसह कुटुंबे उतरतात, आणि रात्री साडेआठपर्यंत जो गल्ला होतो तो दिवसाचा खरा गल्ला. चार वाजता फळी लावणे म्हणजे पंगत बसण्याच्या वेळी चूल विझविणे होय. शिवाय, वेळ आखडली की गर्दी दाट होते, हे व्यापारी सांगत होते, आणि त्यात त्यांच्या स्वार्थाइतकाच अनुभवही बोलत होता.

2 ऑगस्टच्या हुकुमाने बहुतेक जिल्ह्यांना रात्री आठपर्यंतची मुभा दिली आणि पुण्यासह 11 जिल्हे मागे ठेवले. शहरातील बाधितांचे प्रमाण उतरले असता जिल्ह्याच्या आकड्यासाठी आम्हांस का रोखता, हा पुणेकर व्यापाऱ्यांचा सवाल होता. कोल्हापूरच्या पेठांनी तो जुलैतच विचारला होता. घंटानाद झाला, चारनंतर दुकाने उघडी राहिली, आणि 8 ऑगस्टला पालकमंत्र्यांनी पुण्यासही दुसऱ्या दिवसापासून रात्री आठची मुदत दिल्याचे जाहीर केले.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी मी मुद्दाम लक्ष्मी रस्त्याने गेलो. श्रावणाची सर येऊन गेली होती, पदपथ ओला होता, आणि त्या ओळखीच्या दुकानात गादीवर एका लग्नघरची पाच माणसे बसलेली होती. गड्याने शालूची घडी झटकून उलगडली तेव्हा घड्याळात सात वाजून गेले होते. मालकांनी मला हातानेच थांबा म्हणून खूण केली आणि मोजणीची पट्टी उचलली.