हिरव्या चेहऱ्यांची गोष्ट

रंगीत टेलिव्हिजनचा इतिहास सांगणारे बहुधा त्याच्या विजयांची यादी देतात. हा इतिहास त्याच्या दुखण्यांवरून सांगितला, तर तो अधिक खरा होईल असे मला वाटते. माणसाचा चेहरा पडद्यावर हिरवा का दिसतो, या एका प्रश्नापायी थोर थोर यंत्रज्ञांनी आपली उमेद खर्ची घातली आहे. आकाश थोडे जांभळे दिसले तर कुणी तक्रार करीत नाही; पण चेहऱ्याचा रंग किंचित ढळला, की घरातले शेंबडे पोरही ओरडते.

दुखण्याचे मूळ एका अटीत आहे. १९५१ च्या जूनमध्ये सीबीएस या अमेरिकन कंपनीने फिरत्या रंगीत चकतीच्या साहाय्याने प्रक्षेपण सुरू केले. परंतु लोकांच्या घरचे काळे-पांढरे संच ते चित्र दाखवू शकत नव्हते, आणि ऑक्टोबरात तो कारभार आटोपला. पुढे १७ डिसेंबर १९५३ रोजी मान्य झालेल्या एन.टी.एस.सी. पद्धतीने जुन्या संचांची सोय आधी पाहिली. काळे-पांढरे चित्र होते तसेच ठेवून रंग एका निराळ्या बारीक लहरीवर बसवला. भरल्या घरात पाहुण्याला माजघरात पथारी द्यावी तसा! या लहरीची उंची रंगाचा गडदपणा सांगते. आणि ती ठरल्या वेळेच्या किती पुढे वा मागे आहे, यावरून रंग तांबडा की हिरवा हे ठरते. गोम आहे ती इथेच. वाटेत ही लहर यत्किंचित रेंगाळली, की रंगाची जात बदलते. म्हणून अमेरिकन संचावर ‘टिंट’ नावाचे बटण असे आणि ते पिळीत बसणे हा घरधन्याचा नित्यनेम होता. तिकडचे यंत्रज्ञच थट्टेने एन.टी.एस.सी. या आद्याक्षरांचा अर्थ ‘तोच रंग दोनदा कधीच नाही’ असा लावीत.

यावरचा तोडगा जर्मनीत निघाला. टेलिफुंकेन कंपनीतील वॉल्टर ब्रुख यांनी १९६३ च्या जानेवारीत हॅनोव्हर येथे आपली पाल पद्धत युरोपातील तज्ज्ञांना दाखवली. युक्ती इतकी साधी, की ती आधी कशी सुचली नाही असे वाटावे. दर एका ओळीआड रंगाच्या लहरीची एक बाजू उलटी करून पाठवायची. मग वाटेत झालेली चूक एका ओळीत हिरव्याकडे झुकते, तर पुढच्या ओळीत जांभळ्याकडे. संचातील काचेचा एक तुकडा पहिल्या ओळीचा रंग ६४ मायक्रोसेकंद धरून ठेवतो, दोन्ही ओळींची सरासरी होते आणि चूक परस्पर फिटते. रंग थोडा फिका होतो, एवढीच काय ती किंमत. २५ ऑगस्ट १९६७ रोजी पश्चिम बर्लिनमध्ये विली ब्रांट यांनी बटण दाबून जर्मनीतील रंगीत प्रक्षेपणाचे उद्घाटन केले. मात्र रंग त्यांचा हात टेकण्यापूर्वीच पडद्यावर अवतरले! याच पद्धतीत काचेच्या त्या तुकड्याची जुळणी बिघडली, तर चित्रावर खिडकीच्या झडपांसारखे आडवे पट्टे उमटतात. त्यांना ‘हॅनोव्हर पट्टे’ म्हणतात. ज्या गावाने औषध दिले, त्याच गावाचे नाव नव्या रोगाला मिळाले.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९८२ पासून देशव्यापी रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धा लोकांनी रंगांत पाहिल्या. आपण पाल पद्धत घेतली, त्यामुळे ‘टिंट’चे बटण आपल्याकडच्या बहुतेकांना ठाऊकच नाही. अमेरिकेहून कुणा भाच्याने हौसेने आणलेला संच इथे रंग दाखवीत नसे, त्याचे कारणही हेच. ज्यांना रंगीत संच परवडत नव्हता, ते काळ्या-पांढऱ्या पडद्यावर वर निळी आणि खाली हिरवी अशी पारदर्शक काच लावीत. त्या काचेखाली वृत्तनिवेदकाच्या कपाळावर आभाळ उतरे!

आता रोगनिदानाकडे वळू. कारण इथे गरिबाच्या खिशाचा प्रश्न होता. पिक्चर ट्यूब हा संचातला सर्वांत महाग भाग. ‘ट्यूब गेली’ हे दोन शब्द ऐकून घराघरांत दिवाळीची खरेदी थांबलेली आहे. आमच्या आळीतल्या एका निवृत्त कारकुनाला एका मेकॅनिकने हेच ऐकवले होते. दुसऱ्याने खर्च न करता तोच संच दुरुस्त केला. हा दुसरा आला, त्याने पेचकस काढलाच नाही. रंगाचे बटण शून्यावर आणले आणि तो काळे-पांढरे चित्र पाहत बसला. रंगाचा दोष रंग काढून टाकल्यावाचून कळत नाही, हे या विद्येचे पहिले सूत्र. राखाडी चित्र सगळीकडे स्वच्छ असेल, तर ट्यूब ठीक आहे. खोट रंग उलगडणाऱ्या भागात. पांढऱ्यावर सर्वत्र निळसर-हिरवी झाक आली, तर तांबड्या रंगाची बंदूक थकली आहे किंवा तिची जुळणी ढळली आहे. रंग अजिबातच येत नसेल, तर आधी गच्चीवर जाऊन अँटेना पाहावी. संदेश क्षीण झाला की संच आपण होऊन रंग बंद करतो.

कारकुनाच्या पडद्यावर एका कोपऱ्यात जांभळा डाग होता. पडद्यामागे लक्षावधी छिद्रांची पातळ धातूची जाळी असते. तिच्यात चुंबकत्व शिरले, की इलेक्ट्रॉनांचा झोत भलत्याच ठिपक्यावर पडतो. टेप-रेकॉर्डरचा मोठा स्पीकर संचाला खेटून ठेवला होता, एवढेच कारण. बहुतेक संचांत हे चुंबकत्व उतरवणारे वेटोळे असतेच. संच सुरू करताना जो ‘धुम्म’ आवाज येई, तो त्याचाच. मात्र संच तापलेला असला, तर ते काम करीत नाही. अर्धा तास बंद ठेवून पुन्हा लावावा. दोनचार वेळा असे केले, की साधा डाग जातो. हट्टी डागासाठी मेकॅनिक हातात धरायचे मोठे वेटोळे आणून ते पडद्यासमोर गोल फिरवीत आणि तसेच फिरवीत हळूहळू मागे जात. आरतीचे तबक ओवाळावे तसे ते दिसे.

असे संच अजून काही घरांत कापडाखाली झाकलेले आहेत. ज्याला ते लावून पाहायचे असतील, त्याने बटणांशी खुशाल खेळावे. मागचे झाकण मात्र उघडू नये. ट्यूबवर २५,००० व्होल्टपर्यंत दाब असतो आणि तार काढल्यावरही तो काही काळ दबा धरून राहतो. ज्यांना तो उतरवता येत असे, त्यांतले कितीतरी जण आता त्याच टेबलावर मोबाइल फोन उघडून बसलेले दिसतात.