काँक्रीट स्तंभातील आडव्या कडीचा इतिहास : कॉन्सिदेर ते भुज

प्रबलित काँक्रीटच्या इतिहासात उभ्या सळईला मिळालेले महत्त्व तिला वेढणाऱ्या आडव्या कडीला क्वचितच मिळाले. बांधकामावर 'रिंग' म्हणून ओळखली जाणारी ही कडी केवळ उभ्या सळया जागेवर धरते, असा समज आजही आढळतो. फ्रेंच अभियंता आर्मां कॉन्सिदेर याने तो विसाव्या शतकाच्या प्रारंभीच खोडून काढला होता. दाबाखाली काँक्रीट आखूड होते व बाजूंना फुगते. सर्पिल सळई हे फुगणे रोखते. म्हणूनच तेवढेच पोलाद उभे घालण्यापेक्षा सर्पिलात घातल्यास सुमारे २.४ पट उपयोगी ठरते, असे त्याचे प्रतिपादन होते. १९२८ मध्ये इलिनॉय विद्यापीठात रिचर्ट, ब्रांट्झेग व ब्राउन यांनी काँक्रीटच्या दंडगोलांवर बाजूने द्रवाचा दाब देऊन मोजमाप केले. बाजूच्या दाबाच्या सुमारे ४.१ पट सामर्थ्य वाढत होते.

सामर्थ्यापेक्षाही मोलाची ठरली ती तन्यता, आणि ती भूकंपानेच दाखवली. ९ फेब्रुवारी १९७१ च्या सॅन फर्नांडो भूकंपात कॅलिफोर्नियातील ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालयाचे विरळ कड्यांचे स्तंभ चुरडले. सर्पिल सळईच्या स्तंभांचे आवरण गळाले, ते कलले, पण गाभ्याने भार सोडला नाही.

भारतात आय.एस. १३९२० हे मानक १९९३ मध्ये आले. कडीची टोके १३५ अंशांत गाभ्याकडे वळवावीत, हा त्यातील नियम किरकोळ वाटतो. तथापि ९० अंशांचे टोक आवरण गळताच उघडते व कडी निरुपयोगी होते. २००१ च्या भुज भूकंपात अहमदाबादेत कोसळलेल्या अनेक इमारतींच्या स्तंभांत विरळ कड्या व ९० अंशांचीच टोके आढळली.