बंगळुरूत ऐकलेला प्रकाश

रंगीत द्रावणातून प्रकाश आरपार जातो, त्यामुळे त्यातला किती शोषला गेला हे मोजता येते. काळीकुट्ट काच किंवा भुकटी समोर आली की ही रीत लंगडी पडते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, म्हणजे जुन्या बंगळुरूकरांच्या ‘टाटा इन्स्टिट्यूट’मध्ये, १९८० च्या दशकात यावरचा एक उपाय चांगलाच रुजला. तो म्हणजे पदार्थाने शोषलेला प्रकाश ऐकणे, म्हणजेच फोटोअकौस्टिक तंत्र.

मूळ शोध अलेक्झांडर ग्रॅहम बेलचा. १८८० मध्ये बेल आणि त्याचा सहकारी चार्ल्स सम्नर टेंटर प्रकाशझोतावरून आवाज पाठवणाऱ्या फोटोफोनवर काम करत होते. त्या खटाटोपात त्यांना आढळले, की भराभर खंडित केलेला सूर्यप्रकाश पातळ चकतीवर पडला तर तिच्यातून सूर निघतो. काजळीचा आवाज तर फारच मोठा येई. पण ऐकायला फक्त कान आणि दिवा म्हणून सूर्य, एवढ्या भांडवलावर विषय फार पुढे गेला नाही. संवेदनशील मायक्रोफोन आणि लेझर आल्यावर त्याला नवे बळ मिळाले. १९७६ मध्ये रोझेन्क्वेग आणि गेर्शो यांनी घन पदार्थांसाठी त्याचा सिद्धांत मांडला.

पाचच वर्षांनी, १९८१ मध्ये, संस्थेतील पी. गांगुली आणि सी. एन. आर. राव यांनी घन पदार्थ आणि पृष्ठभागांच्या फोटोअकौस्टिक अभ्यासाचा सविस्तर आढावा प्रसिद्ध केला.

प्रयोगाची मांडणी साधी असते. हवाबंद कुपीत नमुना ठेवायचा आणि फिरत्या पात्यांनी तुटक केलेला प्रकाश काचेतून त्यावर सोडायचा. नमुना तापतो-निवतो, त्याला लागून असलेली हवा फुगते-आकसते आणि दाबातला तो चढउतार मायक्रोफोन टिपतो. पात्यांचा वेग वाढवला, की फक्त वरच्या थराची खबर मिळते. वेग कमी केला, की खोलवरची.

संस्थेतील ई. एस. आर. गोपाल, एस. अशोकन आणि कोचीनचे जेकब फिलिप यांच्या गटाने याच तंत्राने सिलिकॉन-आर्सेनिक-टेल्युरियमच्या काचांचे प्रकाशशोषण आणि उष्णता पसरण्याचा वेग मोजला.

पुढे काचेच्या जागी शरीर आले. नॅनोसेकंदाचा लेझर झोत पडला, की रक्तातले हिमोग्लोबिन तो शोषते आणि अल्ट्रासाउंडच्या लहरी उठतात. प्रकाश शरीरात थोड्याच अंतरात विखुरतो, या लहरी मात्र बऱ्याच शाबूत बाहेर येतात. त्यांवरून चित्र उभे करणे हे किचकट गणित. त्यात मोजमापातला गोंगाट आवरण्यासाठी लावायच्या गणिती अंकुशाची नेमकी मात्रा झटपट कशी निवडावी, याची रीत संस्थेतील फणींद्र यलवर्ती, मनोजित प्रामाणिक आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मांडली.

काही सेंटिमीटरपलीकडे पुरेसा प्रकाश पोचत नाही, त्यामुळे हे तंत्र सीटी स्कॅनची जागा घेणार नाही. पण स्तन, त्वचा, सांधे अशा वरवरच्या भागांतल्या रक्तवाहिन्यांचे जाळे क्ष-किरणांशिवाय दाखवण्यात त्याचा हात धरणारी तंत्रे थोडीच आहेत.