ब्रह्मावर्त आणि बिठूर : एका वसाहतीची दोन नावे

कानपूरनजीक गंगातीरावर वसलेले बिठूर हे लहानसे गाव मराठी लेखनात बहुधा ‘ब्रह्मावर्त’ या नावाने येते. ब्रह्मदेवाचा अश्वमेध आणि वाल्मीकींचा आश्रम यांच्या कथा या स्थळाशी निगडित आहेत. इंग्रजी दप्तरात मात्र ते केवळ ‘बिठूर’ आहे. १८११ ते १८१९ या काळात जिल्ह्याचे मुख्य ठाणे तेथे होते.

३ जून १८१८ रोजी दुसरे बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले. दख्खनचा कायमचा त्याग आणि वार्षिक आठ लक्ष रुपयांचा तनखा या अटींवर त्यांना उत्तरेत यावे लागले. पेशव्यांच्या दृष्टीने बिठूर हे गंगातीरीचे तीर्थ होते, तर कंपनीच्या दृष्टीने कानपूरच्या छावणीजवळील, नजर ठेवण्यास सोयीचे ठिकाण. त्यांच्यामागोमाग शास्त्री, भिक्षुक, कारकून व शिलेदार यांची कुटुंबे आली. येवल्याच्या टोपे घराण्यातील पांडुरंगराव आणि मोरोपंत तांबे हे याच आश्रितवर्गातले. या वसाहतीचा आधार शेती वा व्यापार नव्हता. एका व्यक्तीच्या हयातीपुरता मंजूर झालेला तनखा हाच तिचा पाया होता.

म्हणूनच जानेवारी १८५१ मध्ये बाजीराव निवर्तले, तेव्हा प्रश्न केवळ दत्तकपुत्राच्या हक्काचा उरला नाही. संपूर्ण वस्तीच्या योगक्षेमाचा झाला. डलहौसीने तनखा नाकारला. नानासाहेबांचे वकील अझीमुल्ला खान यांचे लंडनमधील प्रयत्नही निष्फळ ठरले. जुलै १८५७ मध्ये इंग्रज सैन्याने बिठूरचा वाडा जाळला आणि डिसेंबरात पुन्हा विध्वंस केला.

या अखेरीची दोन कथने तौलनिक अभ्यासकासमोर आहेत. कंपनीच्या कागदपत्रांत बिठूर म्हणजे प्रथम खर्चाची बाब आणि नंतर बंडाचे ठाणे. याउलट वरसईचे विष्णुभट गोडसे यांच्या, १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्य यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘माझा प्रवास’मध्ये ब्रह्मावर्त सोडून गंगापार जाणारे पेशव्यांचे कुटुंब दिसते. दप्तरात नोंद झाली ती सत्तेच्या व्यवहाराची. घर मोडल्याचे दुःख उरले ते एका भिक्षुकाच्या आठवणींत. बिठूरच्या इतिहासाला ही दोन्ही साधने आवश्यक आहेत. त्यांतील एकावरच विसंबल्यास वसाहतीचा हिशेब हाती येतो किंवा तिची व्यथा. वसाहत मात्र निसटते.