पेन्सिलीचा संस्कार : मुंबईची कलाशाळा आणि करोल बाग

करोल बागेत दोन-तीन पिढ्या काढलेल्या आपल्या मराठी कुटुंबांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल की, आपली ही वस्ती आणि नॉर्थ ब्लॉकमधील काही चित्रे ही एकाच घटनेची अपत्ये आहेत. डिसेंबर 1911 च्या दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस हलविण्याची घोषणा झाली. नवी दिल्ली उभारताना माधोगंज, जयसिंगपुरा, राजा का बाजार इत्यादी जुनी गावे उठवावी लागली व तेथील रहिवाशांची सोय करोल बागेत करण्यात आली. पुढे सचिवालयाच्या नव्या दालनांची सजावट करण्याचा प्रश्न आला, तेव्हा त्या कामात मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेला मोठा वाटा मिळाला. विधी सदस्यांच्या दालनासाठी चित्रे रंगविली ती कोल्हापूरच्या महादेव विश्वनाथ धुरंधरांनी. म्हणजे मराठी कारकून फायली घेऊन दिल्लीत स्थिरावत होता, त्याच सुमारास मराठी चित्रकाराचा हातही येथील भिंतींवर उमटत होता.

हा हात घडला कसा, हे पाहिले पाहिजे. सर जमशेटजी जीजीभाई यांनी 1853 मध्ये एक लाख रुपयांची देणगी देऊ केली आणि 1857 च्या मार्चमध्ये कलाशाळेचे वर्ग सुरू झाले. सरकारचा हेतू चित्रकार निर्माण करण्याचा नव्हता. कुशल कारागीर आणि नकाशे काढणारे आरेखक त्याला हवे होते. 1865 मध्ये तेथे लॉकवुड किपलिंग व जॉन ग्रिफिथ्स हे शिक्षक आले. किपलिंग यांनी 1870 च्या सुमारास उत्तर हिंदुस्थानात फिरून कामात गढलेल्या कारागिरांची रेखाटने केली. ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून 1885 पर्यंत विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करविल्या. अंधाऱ्या लेण्यातील पुसट रेषा तासन् तास निरखणे, हेच त्या विद्यार्थ्यांचे खरे शिक्षण झाले. त्यांतील बऱ्याच प्रतिकृती लंडनच्या आगीत जळाल्या. कमावलेली नजर मात्र जळाली नाही.

1879 मध्ये चित्रकलेचे शिक्षण हा स्वतंत्र विषय झाला आणि 1893 मध्ये चित्रकला-शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा वर्ग निघाला. आपल्या दृष्टीने ही दुसरी घटना अधिक महत्त्वाची. कारण या वर्गाच्या परंपरेतून तयार झालेले ‘ड्रॉइंग मास्तर’ जिल्ह्याजिल्ह्यांत, तालुक्यातालुक्यांत पोहोचले आणि एलिमेंटरी व इंटरमिजिएट ही दोन नावे मराठी घरांत मॅट्रिकइतकीच परिचित झाली. महाराष्ट्र शासनाने 1965 मध्ये स्थापिलेले कला संचालनालय या परीक्षा घेऊ लागले. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन हे विषय आठवताच पन्नाशीपुढच्या अनेक वाचकांच्या बोटांना पुन्हा शिसाचा काळा डाग लागल्यासारखे वाटेल! धुरंधर स्वतः 1890 मध्ये विद्यार्थी म्हणून कलाशाळेत शिरले आणि 1931 मध्ये अध्यापक म्हणून निवृत्त झाले. आपल्या आत्मकथनाला त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ असे नाव दिले, ते अक्षरशः खरे आहे.

या शिक्षणावर टीकाही पुष्कळ झाली व ती सर्वस्वी निराधार नव्हती. फळ्यावरचे चित्र वहीत उतरवायचे आणि गुण मिळवायचे, असा ठोकळेबाजपणा अनेक शाळांत आला. परंतु चांगल्या मास्तरांनी स्टुलावर तांब्या ठेवला आणि मुलांना एक सत्य शिकविले. तांब्याचे तोंड गोल आहे हे आपणांस ठाऊक असते, म्हणून नवशिका ते गोलच काढतो. प्रत्यक्षात बसल्या जागेवरून ते चपटे, लंबगोल दिसते. डोळा उंच गेला की लंबगोल फुगतो, खाली आला की मिटत जातो. हात सरळ ताणून, पेन्सिल उभी धरून, तिच्यावर अंगठ्याने तांब्याची उंची मोजायची, मग त्याच मापाने रुंदी. मधोमध एक फिकट उभी रेषा घालून दोन्ही बाजू तोलायच्या. शेवटी प्रकाश कोठून येतो ते पाहून छाया भरायची. ठाऊक असलेले बाजूला ठेवून समोर दिसणारे मान्य करणे हाच त्यातील धडा. सरकारी टिपणे लिहिण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्या माणसाला या धड्याची किंमत विशेष जाणवते.

साधनही किती अल्प! 1795 मध्ये फ्रान्समध्ये कोंते याने ग्रॅफाइटच्या भुकटीत चिकणमाती मिसळून भाजण्याची युक्ती काढली. माती अधिक तर शिसे कठीण व फिकट, ती ‘एच’. ग्रॅफाइट अधिक तर मऊ व काळे, ती ‘बी’. आरंभाला एच्‌बी, टूबी आणि फोरबी अशा तीन पेन्सिली पुरे होतात. दांडेकर बंधूंनी 1931 मध्ये सुरू केलेल्या उद्योगातून पुढे ‘कॅम्लिन’ हे नाव घरोघरी गेले, तेव्हा हे साहित्य मराठी मुलांच्या दप्तरातही सहज आले.

दिल्लीत वाढणारी आपली मुले इंग्रजी व हिंदी उत्तम बोलतात. मराठी वाचताना मात्र अडखळतात. मराठी भाषेसाठी मंडळ जे करते ते करावेच. परंतु या दोन परीक्षांची परंपरा येथील शाळांत नाही; त्यामुळे आपल्या घरातला आणखी एक वारसा आपण नकळत गमावीत आहोत, याची फारशी वाच्यता होत नाही. म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षी माझी एक साधी सूचना आहे. रविवारी सकाळी दोन तास मंडळाचे सभागृह उघडावे. खुर्च्या अर्धवर्तुळात मांडाव्या, मधे स्टुलावर एक पितळी तांब्या ठेवावा. ज्यांनी एकेकाळी इंटरमिजिएट दिली आहे अशा काकांनी, मावशींनी आळीपाळीने शिकवावे; आणि शिकणाऱ्यांत नातवंडांबरोबर आजोबाही बसावेत, कारण नवशिक्याला वयाची अट नाही. पहिले चित्र वाकडेच येईल. ते फाडू नये. तारीख घालून ठेवावे. सहा महिन्यांनी त्याच तांब्याचे दुसरे चित्र शेजारी मांडले, म्हणजे मुलाला आपली प्रगती कोणी सांगावी लागणार नाही. ‘लंबगोल’, ‘छाया’, ‘समतोल’ हे शब्दही तोवर त्याच्या तोंडी बसलेले असतील.